बांधीत उभ्या केलेल्या गाड्या

रविवारी रात्री ८ वाजून १२ मिनिटांनी आम्ही संगीत महोत्सवाचा कार्यक्रम थांबवला. सहा मिनिटांत मैदान रिकामं झालं. शेवटची गाडी मात्र रस्त्याला लागली सोमवारी पहाटे ४.४० ला. त्या सहा मिनिटांबद्दल लोकांनी आमचं कौतुक केलं. पुढच्या साडेआठ तासांबद्दल ते जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं घरचं बिछायत केंद्र आहे. आजोबांच्या काळात सतरंज्या, गॅसबत्त्या आणि स्वयंपाकाचे गंज भाड्याने जायचे. वडिलांनी मंडप आणि कनाती आणल्या. माझ्या वाट्याला ट्रस म्हणजे दिवे-स्पीकर टांगायचे धातूचे सांगाडे, स्टेज आणि एलईडी पडद्यांच्या भिंती आल्या. या संगीत महोत्सवात जागेची सगळी उभारणी माझ्याकडे होती, म्हणजे चुकाही बऱ्याच माझ्याच. महोत्सवाचं आणि गावाचं नाव देत नाही. त्या गावाने आमच्यासाठी जे केलं त्यानंतर त्यांच्या दारात आणखी चौकशीवाले पाठवणं बरं नव्हे.

बेत असा होता. फेब्रुवारीतला शनिवार-रविवार, दोन रात्री, रोज तीन हजारांच्या आत माणसं. जागा रामटेक तालुक्यात, एका मामा तलावाच्या काठी. 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावापुढे 'माजी' लागलं. पूर्व विदर्भात असे तलाव जागोजागी आहेत. मातीची लांब पाळ म्हणजे तलावाचा बांध, पाळीवर झाडं, वरच्या अंगाला पाणी आणि खालच्या अंगाला धानाची शेतं. हिवाळ्यात पाण्यावर बदकं उतरतात. संयोजक तिशीतली तीन पोरं, तिघंही नागपूरची. त्यांना शहरातल्या मैदानावरचा कार्यक्रम नको होता. तारे दिसले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. हट्टाला आधारही होता. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, आणि आमची जागा त्याच पट्ट्यातली. म्हणून आकाशात फिरणारे बीम, लेझर, आतषबाजी पहिल्याच बैठकीत बाद केली. दिवे सगळे खाली तोंड करून.

महिना निवडणं नागपूरकराला सोपं जातं, कारण पर्यायच थोडे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. जून ते सप्टेंबर पाऊस. ऐन थंडीत उघड्यावर बसवावं, तर २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेल्याचं लोक अजून विसरलेले नाहीत. राहता राहिला फेब्रुवारी. गोड थंडी, कोरडी हवा, संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराचा वास. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भातला शेतकरी आभाळाकडे कसा बघतो, हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अर्ध्या महाराष्ट्राने पाहिली आहे. आम्ही 'अवकाळी' हा शब्द बैठकीत दोनदा उच्चारला आणि ताडपत्र्यांची ऑर्डर देऊन विषय संपवला. त्या ताडपत्र्या कशासाठी होत्या, ते पुढे येईलच.

परवानग्यांवर फार लिहीत नाही. ग्रामपंचायतीचं ना-हरकत, ग्रामीण पोलीस, तहसील, विद्युत निरीक्षकांचा दाखला, स्टेजच्या मजबुतीचं प्रमाणपत्र, अग्निशमन, रुग्णवाहिका, गाण्यांच्या हक्कांचा परवाना. तीन महिने आधी सुरुवात केली तर होतं. एक महिना आधी केली तर देव आठवतो.

गावाशी झालेली बोलणी मात्र सविस्तर सांगितली पाहिजेत. कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं आणि संयोजकांना ती सूट हवी होती. पंचायतीत सरपंचताईंनी पाच मिनिटांत निकाल लावला. "आमच्या पोट्ट्यायची बारावीची परीक्षा हाय याच महिन्यात. अन् तुम्ही रातभर धडामधुडूम करान? दहाच्या पुढं एक मिनिट नाही." थोरला संयोजक काहीतरी बोलायला गेला. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

दहाची वेळ मान्य केली तरी आवाजाचा प्रश्न उरलाच. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. गावातलं पहिलं घर आमच्या स्टेजपासून ९०० मीटरवर. हिशेब सोपा वाटतो. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्टेजपुढे ३० मीटरवर १०० डेसिबल ठेवले, तर ९०० मीटरपर्यंत अंतर जवळपास पाच वेळा दुप्पट होतं, म्हणजे ७१ च्या आसपास उरतात. त्यातले झाडं आणि जमीन थोडे खातात. शुक्रवारी दुपारी चाचणी घेतली तेव्हा त्या घराच्या अंगणात ५८ आले. साऊंडवाला खूश झाला, थोडं कमी केलं की झालं म्हणाला. त्याच रात्री आठ वाजता पुन्हा मोजलं, तेवढ्याच आवाजाला ६७.

यात जादू काही नाही. दिवसा जमीन तापलेली असते, खालची हवा गरम आणि वरची गार, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. हिवाळ्याच्या रात्री नेमकं उलट होतं. जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, वर उबदार हवा राहते आणि वर गेलेला आवाज वाकून परत खाली येतो. मध्ये पाणी असेल तर अडवायलाही काही नाही. शिवाय मीटर मानवी कानाच्या हिशेबाने मोजतो, बासची धडधड त्यात पुरती उतरत नाही. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "आवाज नाही बाप्पा, पण भांडे हालून राह्यले." मीटरपेक्षा आजींचं बरोबर होतं.

मग रात्रीत स्टेजचं तोंड फिरवलं, गावाकडून टेकडीकडे. फिरवलं म्हणजे अर्धं उतरवून पुन्हा उभारलं, पहाटे चार वाजेपर्यंत. मुख्य स्पीकर ८ डेसिबलने उतरवले आणि प्रेक्षकांच्या मध्यावर दोन छोटे मनोरे उभे केले. मागच्या माणसाला आवाज जवळून मिळतो, मग पुढून ओरडायची गरज राहत नाही. मनोऱ्यांचा आवाज मात्र मुद्दाम उशिरा सोडावा लागतो. हवेतून ३४ मीटर यायला आवाजाला एक दशांश सेकंद लागतो आणि तारेतून तो लगेच पोचतो. उशीर दिला नाही तर प्रत्येक टाळी दोनदा ऐकू येते. बासचे डबे असे रचले की मागच्या बाजूला त्यांचा आवाज एकमेकांना मारेल. शनिवारी रात्री आजींच्या अंगणात ५३ आले आणि भांडी शांत राहिली. या कामाचा मला अजून अभिमान आहे, आणि तो मुद्दाम सांगतो, कारण ज्या कामाची लाज वाटते ते आता येतं.

गाड्या कुठे लावायच्या?

जागा पाहायला आम्ही डिसेंबरमधल्या एका कोरड्या दुपारी गेलो होतो. तलाव, पाळ, पळस आणि मोहाची झाडं. मैदानासाठी पाळीपासून दूर थोडा उंचवटा मिळाला आणि त्याच्या खालीच चार सपाट शेतं. धान कापून झालेलं, पायाखाली भेगाळलेली कडक जमीन, रस्त्याला लागून. आमच्यातल्या एकाने त्यावर उड्या मारून दाखवल्या. सिमेंटसारखी आहे, म्हणाला. गाडीला जायला-यायला जागा धरून २५ चौरस मीटर लागतात. ३५० गाड्यांना पावणेनऊ हजार चौरस मीटर झाले, म्हणजे सव्वादोन एकर. शेतं तीन एकर. दुचाक्या रस्त्याकडेच्या पट्टीत. कागदावर चपखल बसलं.

शेतमालक काका सोबत होते. भाड्याच्या पैशांसाठी त्यांनी त्या वर्षी लाखोरी डाळ पेरलीच नव्हती, त्यामुळे त्यांनी गप्प राहणंच फायद्याचं होतं. तरी ते बोलले. "भाऊ, ही बांधी हाय. पाणी धरून ठेवाले बांधली. एक सर आली त बैल फसते, तुमच्या गाड्या काय चीज हाय?"

आम्ही हसलो. फेब्रुवारीत कुठला पाऊस, काका? त्या दिवशीची टिपणं मी नंतर काढून पाहिली. मोबाइलची रेंज कुठे येते, फोटो कुठून चांगला येतो, सूर्य कुठे मावळतो, सगळं लिहिलेलं आहे. काकांचं वाक्य नाही.

बांधी म्हणजे काय, हे धानाच्या पट्ट्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. चारी बाजूंनी मातीचा बांध घातलेलं शेत. रोवणीआधी, म्हणजे धानाची रोपं लावण्याआधी, दरवर्षी त्यात पाणी भरून चिखलणी करतात. पिढ्यान्‌पिढ्या ती चिखलणी झाली की वीतभर खोलीवर एक घट्ट थर तयार होतो, पाणी त्याच्या खाली मुरत नाही. वरची माती चिकण, पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. आमच्या माणसाने उड्या मारल्या होत्या त्या याच आकसलेल्या मातीवर. देशभरातल्या मातीचं सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय ब्यूरोचं मुख्यालय नागपुरातच अमरावती रोडवर आहे. मी त्याच्या फाटकासमोरून आठवड्यातून दोनदा जातो. आत जाऊन एक प्रश्न विचारायचं सुचलं नाही. तो प्रश्न काकांनी फुकटात सोडवून दिला होता, ही वेगळीच गोष्ट.

गाड्या आत-बाहेर जाव्यात म्हणून रस्त्याकडचा बांध एका ठिकाणी फोडून वाट केली. एकच वाट. दुसरी फोडायची म्हणजे काकांच्या भावाच्या शेताचा बांध, त्याच्याशी वेगळं बोलणं, वेगळं भाडं. वेळ नव्हता. मुरूम टाकायचा विषय एकदा निघाला. आतले रस्ते ४०० मीटर लांब, ६ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर थर. ३६० घनमीटर, म्हणजे आमच्या भाषेत १२७ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). वीस-बावीस हायवा ट्रक, वर रोलर, शिवाय गौण खनिजाची परवानगी. एलईडीच्या भिंतीचा आकार वाढवायचा की मुरूम टाकायचा, असा प्रश्न पैशांपुढे उभा राहिला आणि भिंत मोठी झाली.

शनिवार देखणा गेला, आणि तोच नडला. कार्यक्रम दहाला संपला, मी घड्याळ लावून पाहिलं, ३४० गाड्या ४५ मिनिटांत बाहेर. मिनिटाला साडेसात. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना सुटल्यावर वर्धा रोडवर अडकलेल्या माणसाला हा आकडा स्वप्नासारखा वाटेल. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

हवामान खात्याचा विजांचा पिवळा इशारा शुक्रवारीच आला होता. तो सगळ्यांनी वाचला, गटावर पुढेही पाठवला. त्यावर आम्ही काय केलं? मिक्सर, अॅम्प्लिफायर आणि जनरेटरच्या पॅनेलवर ताडपत्र्या तयार ठेवल्या. यंत्रं झाकली जातील याची चोख व्यवस्था. माणसांसाठी एकही नाही. कुणी वाईट हेतूने असं ठरवलं नव्हतं. यंत्रांचा मालक बैठकीत बसलेला होता, एवढंच.

एक गोष्ट तेवढी आधी नीट केली होती. कार्यक्रम थांबवायचा अधिकार कुणाचा, हे कागदावर लिहून तिन्ही संयोजकांच्या सह्या घेतल्या होत्या. अधिकार माझा, आणि निकषही लिहिलेला. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे. तीसच्या आत आले की बंद. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस सेकंद झाले की वीज दहा किलोमीटरवर. पुन्हा सुरू करायचं ते शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच. सोबत दामिनी अॅप होतं, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं. पण तीन हजार माणसं एकाच टॉवरवर आल्यावर अॅप कधी उघडेल ते देवाला ठाऊक. म्हणून माझ्या पुतण्याला एक साधं स्टॉपवॉच देऊन पाळीवर बसवला होता.

रविवारी संध्याकाळी सात वाजता पश्चिमेला चमकायला लागलं. साडेसातला वाऱ्याचे झोत ताशी ४० किलोमीटरवर गेले तेव्हा ती मोठी केलेली एलईडीची भिंत खाली घेतली. २४ बाय १२ फुटांची भिंत वाऱ्यात शिडासारखी वागते. ताशी ६० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला १७ किलोंच्या आसपास रेटतो, म्हणजे पूर्ण भिंतीवर साडेचार क्विंटलहून जास्त. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. लोकांनी हुर्यो उडवली. उडवू दे.

८.०५ ला पुतण्याने वॉकीटॉकीवर सांगितलं, "काका, चौतीस." मुख्य गायक साडेआठला स्टेजवर येणार होता. थोरला संयोजक म्हणाला, आपण त्याला आत्ताच आणू, दोन गाणी होऊ दे, लोक समाधानाने जातील. मी कागद खिशातून काढला नाही, पण कुठे आहे ते दाखवलं. ८.११ ला पुन्हा आवाज आला, "सत्तावीस."

घोषणा मी केली नाही. आयोजकाच्या तोंडून 'कार्यक्रम बंद' आलं की लोकांना पैसे बुडाले असं वाटतं. तो गायकच माईकवर आला, मराठीत आणि हिंदीत सावकाश बोलला. वीज जवळ आली आहे, गाडीवाल्यांनी गाडीत जाऊन काचा लावून बसावं, दुचाकीवाल्यांनी निघता येत असेल तर आत्ता निघावं, नाहीतर गावातल्या शाळेत जावं, झाडाखाली आणि ट्रसजवळ कुणी थांबू नये. त्याच वेळी मैदानातले सगळे दिवे पूर्ण पेटवले. अंधारात माणूस घाबरतो, उजेडात रांगेला लागतो.

मैदानाला चार-चार मीटरची दोन फाटकं होती, दोन्ही सताड उघडी, बाहेरच्या बाजूला एकही ठेला नाही. सपाट जमिनीवर एका मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जाऊ शकतात, हा ब्रिटिश स्टेडियमांच्या मार्गदर्शिकेतला आकडा. आठ मीटरमधून साडेसहाशे, म्हणजे २,६०० माणसांना चार मिनिटं. आम्हाला सहा लागली. इथे मी तडजोड केली नव्हती आणि त्याला कारण आहे. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात अशाच एका संगीत कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरची पोरं आडोशासाठी आत घुसली, उतरत्या पायऱ्यांवर रेटारेटी झाली आणि चौघांचा जीव गेला. आणि नागपूरच्या माणसाला कोचीपर्यंत जायचीही गरज नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारींच्या मोर्चात ११४ माणसं चेंगरून मेली, ती याच शहरात. माझे वडील त्या संध्याकाळी सीताबर्डीवरून घरी आले आणि दोन दिवस बोलले नाहीत. लाकडी बल्ल्यांचं कुंपण कुठे अडसर होतं आणि कुठे सापळा, हे त्यांनी मला शिकवलं.

८.३१ ला पाऊस लागला.

तोवर सत्तर-एक गाड्या बाहेर पडल्या होत्या. दुचाकीवालेही निम्मे निघून गेले. सरीच्या पहिल्या दहा मिनिटांत बांधीने आपलं काम केलं, पाणी धरलं. फोडलेल्या बांधातल्या वाटेवर एक जड एसयूव्ही तिरकी झाली, ड्रायव्हरने रेस दिली आणि चाकं दांड्यापर्यंत खाली गेली. मागे २८० गाड्या. वाट एकच.

विजा चालू असताना कुणाला गाडीतून उतरवायचं नव्हतं. पत्र्याच्या बंद गाडीत माणूस सुरक्षित असतो, तेव्हा पहिला पाऊण तास अडकलेले लोक खरंतर बऱ्या ठिकाणी होते. चिंता होती उरलेल्या सहाशे दुचाकीवाल्यांची. सरपंचताईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या चार खोल्या आणि समाजमंदिर उघडून दिलं, आम्ही न मागता. भिजलेली माणसं, वर गार वारा. आमच्या ट्रकमध्ये बैठकीच्या चारशे सतरंज्या होत्या, त्या पांघरायला गेल्या. कुठल्याशा घरातून चहाचा गंज आला, मग दुसरा, मग मोजणं सोडलं.

साडेनऊच्या सुमारास अफवा उठली, पाळ फुटली.

तलावाच्या खालच्या अंगाला, अंधारात, चिखलात बसलेल्या हजारभर माणसांसाठी यापेक्षा वाईट वाक्य नसेल. लोक गाड्यांतून उतरून पळायला लागले. विजांमुळे जनरेटर बंद केलेला, त्यामुळे माईक नाही. मोबाइलला रेंज नावापुरती. बॅटरीवरचे भोंगे मी दोनच आणले होते, त्यातला एक भिजून गेलेला. सरपंचताई छत्री टाकून बांधावर उभ्या राहिल्या, दुसरा भोंगा हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी या गावची सरपंच हाय. मी आत्ता पाळीवरून आली. पाळ माह्या आज्याच्या आज्यापासून हाय तशीच हाय. गाडीत बसा." तीनदा म्हणाल्या. मी ओरडलो असतो तर कुणी ऐकलं नसतं. 'आज्याच्या आज्यापासून' हे मला सुचलंही नसतं. पळताना एका मुलीचा घोटा मोडला. ती रात्रीतली एकमेव मोठी दुखापत.

रुग्णवाहिकेने तिला अर्ध्या तासात रामटेकला पोचवलं, पण त्याचं श्रेय माझं नाही. आमच्या नकाशात रुग्णवाहिका गाड्यांसोबत बांधीतच उभी होती. शनिवारी दुपारी ड्रायव्हरने ती खाली उतरवायला साफ नकार दिला. "साहेब, मी गावातला हाव. तिथं नाही उतरवत." मी त्याच्यावर चिडलो होतो. तो डांबरी रस्त्यावरच उभा राहिला, दोन्ही दिवस.

दहाच्या पुढे विजा दूर गेल्या आणि गावातून ट्रॅक्टर आले, एकूण नऊ. आधी ती एसयूव्ही निघाली. मग वाटेत धानाचं तणस, म्हणजे वाळला पेंढा, टाकलं, त्यावर आमच्या स्टेजच्या फळ्या. एक-एक गाडी दोरखंड लावून ओढायची. सरासरी जवळपास दीड मिनिटाला एक. शनिवारी मिनिटाला साडेसात, रविवारी जवळपास दीड मिनिटाला एक. माणसं तीच, रस्ता तोच, पोलीस तेच.

नंतर बसून पर्याय तपासले. गावापासून सव्वा किलोमीटरवर, मुख्य रस्त्याला लागून, बरड आहे. मुरमाड, खडकाळ, कुसळी गवताची ओसाड जमीन. कितीही पाऊस पडो, तिथे पाणी थांबत नाही. डिसेंबरमध्ये आम्ही ती पाहिली होती आणि 'भकास' म्हणून सोडून दिली. तिथे गाड्या लावून लोकांना पायी किंवा बसने आणता आलं असतं. नाहीतर नागपूरहूनच एसटीच्या प्रासंगिक करारावरच्या गाड्या. ४४ आसनांच्या हिशेबाने २,६०० माणसांना ६० फेऱ्या, आणि एसटीचा ड्रायव्हर बांधीत गाडी घालत नाही, हा फायदा वेगळा. १२७ ब्रास मुरूम आणि दुसरी वाट, हा तिसरा मार्ग. तोही भिंतीच्या वाढीव भाड्याच्या आसपासच बसला असता.

या सगळ्यात मला एकच गोष्ट सलते. उभारणीच्या आमच्या बैठकांना चौदा माणसं असायची. साऊंड, लाइट, तिकीट, जाहिरात, खानपान, सुरक्षा. लोक येणार कसे, यावर प्रत्येकाला मत होतं. ते जाणार कसे, याचं उत्तर ज्या तिघांकडे होतं, ते शेतमालक काका, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आणि सरपंचताई, त्यांपैकी एकालाही खुर्ची नव्हती. आता जागा बघायला जातो तेव्हा सोबत गावातला एक ट्रॅक्टरवाला घेतो, दिवसाची मजुरी देऊन. तो जिथे 'इथं नको' म्हणतो, तिथे लाल झेंडी लावतो आणि पुढे जातो. संयोजकांना हे विचित्र वाटतं. वाटो.

काकांशी हिशेब करायला मार्चमध्ये गेलो. बांधीत गुडघाभर खोल चाकोऱ्या पडून वाळल्या होत्या, दोन ठिकाणी बांध सपाट झालेला. पावसाळ्याआधी जमीन सारखी करून बांध पुन्हा घालावे लागणार होते, नाहीतर पाणी एका कोपऱ्यात साचणार आणि रोवणी वाकडी होणार. करारात नुकसानीचा शब्दही नव्हता, कारण नुकसान काय होणार, आम्ही तर फक्त गाड्या लावणार होतो. ट्रॅक्टर, मजूर, बांधबंदिस्ती, सगळं मी माझ्या खिशातून करून देतो म्हणालो. काकांनी त्याला मान हलवली. आणखी काही द्यायचं का, असं विचारलं तर बराच वेळ तंबाखू मळत बसले.

"पैसे नोको," म्हणाले. "माह्या घरापुढं पावसाळ्यात लय चिखल होते. सहा ब्रास मुरूम टाकून द्या."

एक हायवा भरून तिसऱ्या दिवशी पाठवला.